मिळाले, उत्तर दिले

सँडस्की, ओहायो
२२ मार्च १९०९

चि. लेम्युएल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपण दोघं वर्षातून एकदा, नाताळात, एकमेकांना हवामान कळवतो. बाबा गेल्यापासून वीस वर्षं हा रिवाज नेमाने चालला आहे. तेव्हा मार्च महिन्यात माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. सरोवरावरचा बर्फ अजून फुटलेला नाही, माझे गुडघे दुखतात, माझ्या धाकट्या मुलाची बायको ग्रेटा मला खुर्चीतून उठू देत नाही आणि मी तिचं ऐकत नाही. हवामान संपलं.

गार्डिनरचं साप्ताहिक मी अजून मागवते. कॉन होता तोवर मला चिडवायचा, की ज्या गावानं तुला टाकलं त्याच्या बारशांच्या याद्या तू कशाला वाचतेस. गेल्या अंकात वाचलं, की 'पुरिंग्टन आणि चिरंजीव' या आपल्या बर्फाच्या पेढीचे साठ वर्षांचे सगळे कागद तू ऑगस्टाच्या इतिहास मंडळाला देणार आहेस. पत्रं, नकलवह्या, जहाजांच्या याद्या, सगळं. वाचून बरं वाटलं आणि मग दिवसभर बरं वाटेना.

त्या कागदांत माझी दोन पत्रं आहेत. पहिलं मी १८६८ साली, कॉनबरोबर पळून गेले त्या सकाळी, पावाच्या डब्याखाली ठेवलं होतं. ते खुशाल कोणीही वाचावं. बाबांच्याच नदीवर बर्फ कापणाऱ्या आयरिश मजुराशी, आणि तोही कॅथलिक, मी लग्न करते आहे हे त्यात एका दमात लिहिलं होतं. वीस वर्षांची होते, शूर होते, शुद्धलेखनही चांगलं होतं. दुसरं पत्र १८७१ च्या फेब्रुवारीतलं. ते मात्र मला परत पाठव. त्या हिवाळ्यात कॉन गोदीवर पाय मोडून पडला होता, माझ्या दीड वर्षांच्या लोइसची छाती वाजत होती आणि खोलीत जळण नव्हतं. मला घरी येऊ द्या, असं मी बाबांना लिहिलं. कॉनला न सांगता लिहिलं. इतकी लाचारी मी पुन्हा कधी केली नाही, आणि ती परक्या माणसांनी भिंगातून वाचावी हे मला सोसणार नाही.

आणखी एक. बाबांची पद्धत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आलेल्या प्रत्येक पत्राच्या तीन घड्या, आणि पाठीवर शेरा: कोणाचं, कधी मिळालं, कधी उत्तर दिलं. उत्तराची ओळ भरेपर्यंत पत्र टेबलावर दगडाखाली. भरली की भिंतीतल्या खणात. आई गेली तेव्हा सांत्वनाच्या पत्रांनाही त्यांनी हाच न्याय लावला. माझ्या पत्राला उत्तर आलं नाही, तेव्हा 'उत्तर दिले' ही ओळ त्यावर नसणारच. पण 'मिळाले' ही आहे का? त्यांनी ते उघडलं तरी होतं का? अडतीस वर्षं मला एवढंच जाणून घ्यायचं आहे. पाहून कळव.

असेल तेवढी माया ठेव, जास्तीची मागत नाही.
तुझी ताई,
ट्रायफीना डूलन


गार्डिनर, मेन
२९ मार्च १९०९

ती. ताईस,
धाकट्या लेम्युएलचा सा. न. वि. वि.

तुझं २२ चं पत्र २६ ला मिळालं. पाठीवर तसा शेरा मारला आहे. खोड आहे, जात नाही.

इथे चिखलाचे दिवस सुरू झाले. नदीवर यंदा कोणीच बर्फ कापला नाही. लोकांना आता यंत्रातून निघालेला बर्फ हवा असतो. मी बोस्टनला तो चाखून पाहिला, त्याला चव म्हणून नाही. बर्फाला कसली चव, असं मिस टिबेट्स म्हणाल्या. एकोणीस वर्षं माझं घर सांभाळणाऱ्या बाईनं असं बोलावं याचं मला वाईट वाटलं. आपली बर्फाची कोठारं रिकामी आहेत, आत नुसता लाकडाचा भुसा. पेढी मी शरद ऋतूत बंद केली. आता उरले ते कागद, म्हणून ते नीट जागी पडावेत एवढीच इच्छा आहे.

मंडळाचे मिस्टर फर्नाल्ड आठवड्यातून दोनदा येतात. काटकुळा तरुण आहे, पांढरे हातमोजे घालून कागदांना हात लावतो. पहिल्याच दिवशी मिस टिबेट्सनी मला बाजूला घेऊन विचारलं, की याला खरूज झाली आहे का. हवानाची, सव्हानाची आणि एकदा तर थेट मुंबईला बर्फ धाडला तेव्हाची पत्रं पाहून त्याला हुंदका आवरेना. बाबांनी इतक्या शिस्तीनं ठेवलेले कागद त्यानं कुठे पाहिले नाहीत म्हणे. सोमवार, १७ मे रोजी तो घोडागाडी घेऊन येणार आणि सगळं नेणार.

'सगळं' यातच अडचण आहे. एकही कागद वेगळा काढायचा नाही, अशी मंडळाची अट आहे आणि मी सही केली आहे. फर्नाल्ड म्हणतो, की घराणी नेमका लाजेचा कागद काढून घेतात आणि मग उरलेल्याला काही अर्थ राहत नाही. तेव्हा तुझं पत्र मला पाठवता येणार नाही. रागावू नकोस.

राहिली शेऱ्याची गोष्ट. दुसरी ओळ नसणारच असं तू लिहिलंस, ते वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. जुनं उकरायची मला सवय नाही. तू उकरू नयेस हे बरं.

लोभाची आठवण करून द्यावी लागत नाही असा,
लेम्युएल


सँडस्की
३ एप्रिल १९०९

चि. लेम यास,
आशीर्वाद, आणि त्यासोबत एक कानपिचकी.

चष्मा पुसलास म्हणजे काय? लहानपणीही तुझं हेच. मधल्या कपाटातली काकवी कोणी सांडली असं आईनं विचारलं, की 'मला बोलायचं नाही' म्हणायचास आणि माझ्याकडे बघत राहायचास. आईला काय कळायचं ते कळायचं आणि बिनाजेवणाची मी झोपायची. तुझं न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट आहे, हे तुला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी एकच फडताळ तीनदा पुसलं. काल गोदीपर्यंत चालत गेले आणि कशाला आले ते आठवेना म्हणून परत आले. ग्रेटानं डॉक्टरला बोलवायचं काढलं, तेव्हा तिला सांगितलं, की मला भावाचा आजार झाला आहे, त्यावर औषध नाही.

सही केलीस, ठीक. पत्र पाठवू नकोस. पण खणातून काढून त्याची पाठ तर बघ! पाठ बघायला तुझ्या मंडळाची हरकत नाही ना? हातमोजे घालून बघ हवं तर. आणि मनात काय आहे ते एकदाचं लिही. मी एकसष्टची, तू अठ्ठावन्नचा. आणखी किती नाताळ हवामान कळवणार आहोत?

उलट टपाली लिहिशील तर माया वाढेल,
ताई


गार्डिनर
९ एप्रिल १९०९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मागितलंस म्हणून पाहिलं, आणि मागितलंस म्हणूनच लिहितो.

पत्र १८७१ च्या खणात होतं, 'ड' या अक्षराखाली. पाठीवर असं आहे: 'ट्रायफीना डूलन, सँडस्की. मिळाले २ मार्च. उत्तर दिले ९ मार्च.' पहिली ओळ बाबांच्या हातची. दुसरी माझ्या. उत्तर बाबांनी स्वतः लिहिलं, आणि पेढीतली बाहेर जाणारी सगळी पत्रं त्या वर्षी माझ्याकडे असत, म्हणून नकलवहीत त्याची नक्कल मी उतरवली. ते पत्र मी वाचलं होतं. बाबांनी तुला बोलावलं होतं. शनिवार, २५ मार्चला स्टेशनवर येतो म्हणून लिहिलं होतं.

ताई, त्या शनिवारी तू कुठे होतीस हे मला विचारायचं नव्हतं. पण आता विचारतो. बाबांनी त्या सकाळी रविवारचा कोट घातला. तुझ्या खोलीत चार दिवस आधीपासून शेगडी पेटवून ठेवली होती. मला बग्गी जोडायला लावली, आणि पाय शेकायला फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या दोन तापल्या विटा स्वतःच्या हातानं आत ठेवल्या. एक मोठी, एक लहान. लहान वीट कशाला, असं मी विचारलं, तर मूल लहान आहे म्हणाले. दुपारची गाडी आली नि गेली. ते फलाटावरून हलले नाहीत. संध्याकाळची आली. विटा गार झाल्या. सोमवारी पुन्हा तेच. नदीवरची माणसं बघत होती आणि बाबांना बघितलेलं आवडत नसे, तरी उभे राहिले. घरी आल्यावर तुझ्या खोलीची शेगडी विझवायला सांगितली. त्यानंतर अठरा वर्षं जगले, पण तुझं नाव त्यांनी घेतलं नाही आणि आम्हाला घेऊ दिलं नाही.

यायचं नव्हतं तर नको येऊस. पण दोन ओळी लिहायच्या होत्यास. तुझ्या प्रत्येक नाताळच्या पत्राला मी उत्तर देतो, कारण तू माझी बहीण आहेस. पण ती लहान वीट मी विसरलो नाही.

मनात होतं ते लिहिलं. तुझी माया कमी झाली तर समजेन.
लेम्युएल


सँडस्की
१४ एप्रिल १९०९

लेम,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, देता आले तर.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले. कॉनला जेवले म्हणून सांगितलं, तुला गुडघ्यांचं खरं कधीच लिहिलं नाही. पण हे खरं आहे, आणि लोइसची शपथ घेऊन लिहिते: मला ते पत्र आलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मी रोज टपाल कचेरीत जात होते. पोरीला शालीत बांधून कडेवर घ्यायची, कारण तिला खोलीत ठेवलं की ती थंडीनं निळी पडायची. चालताना तरी माझ्या अंगाची ऊब मिळायची. मार्चच्या मध्यापर्यंत पोस्टमास्तर खिडकीतून विचारायचा तरी. पुढे पुढे मी रस्त्याच्या पलीकडे दिसले की तिथूनच मान हलवायचा, म्हणजे मला बर्फ तुडवत यायला नको. भला माणूस होता. त्याची ती हलणारी मान मला आजही दिसते. ११ एप्रिलला लोइस गेली. तीन दिवसांपूर्वीच अडतीस वर्षं झाली, आणि त्याच सुमाराला तुझं पत्र हातात पडलं. तिला पुरल्यावर दुसऱ्या दिवशीही मी सवयीनं टपाल कचेरीत गेले होते.

त्यानंतर मी ठरवून टाकलं, की बाबांनी पत्र उघडलंच नसेल. मुलीचं मूल मरू देणारा बाप असण्यापेक्षा पत्र न उघडणारा बाप बरा. ते गेल्याचं तू कळवलंस तेव्हा मी रडले नाही. कॉन रडला! ज्यानं त्याला दारात उभं केलं नाही त्या म्हाताऱ्यासाठी.

आता तू म्हणतोस ते फलाटावर उभे होते. लेम, मला धड बसवत नाही, धड उभं राहवत नाही. तू ते पत्र वाचलंस, नक्कल उतरवलीस. मग ते गेलं कुठे? टपालात हरवलं? तुझी नकलवही कोणत्या तरी फळीवर असेलच, बाबांच्या घरात हरवतं काय? ती काढ. त्यात काय लिहिलं आहे ते अक्षरन् अक्षर उतरवून मला पाठव. आज्ञा समज. थोरली आहे मी.

आशीर्वाद. दिले.
ताई


गार्डिनर
२० एप्रिल १९०९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं १४ चं पत्र १९ ला मिळालं. लोइस अशी गेली हे मला ठाऊक नव्हतं. मूल गेलं एवढंच कॉनच्या कोणा नातेवाइकाकडून कळलं होतं, कधी ते नाही. वाईट वाटलं असं लिहिणं बरं दिसत नाही, पण दुसरं काय लिहू?

इथे नदी मोकळी झाली. पहिली आगबोट शुक्रवारी आली. मिस टिबेट्सना दातदुखी आहे. शनिवारच्या घेवड्यात त्या काकवी घालायची विसरल्या, तरी मी तो संपवला. फर्नाल्डनं १८६० पर्यंतचे कागद खोक्यांत भरले.

नकलवह्या वरच्या माळ्यावर आहेत. पाहीन.

लोभ असो.
लेम्युएल


सँडस्की
२५ एप्रिल १९०९

लेम्युएल पुरिंग्टन,

पाहीन? घरात एक मऊ पेन्सिल हरवली तर संध्याकाळपर्यंत शोधणारा तू, आणि पत्र मिळाल्यावर त्या माळ्यावर चढला नाहीस? मला टिबेट्सबाईंचा दात नको.

तू पाहिलं आहेस. पाहून मग मला ते पत्र लिहिलंस. तुझं अक्षर उजवीकडे कललं आहे, लहानपणी काकवी सांडायचास तेव्हा कलायचं तसं. (हो, सांडायचास तूच.)

जे असेल ते पाठव. मला आता वाईटाची भीती नाही, न कळण्याची आहे.

ताई


गार्डिनर
४ मे १९०९

ती. ताईस,
लेम्युएलचा साष्टांग नमस्कार.

या नमस्काराच्या पलीकडे काय लिहायचं याचे चार कागद फाडले. या घरात कागद फाडण्याची पद्धत नाही.

तुझं १४ चं पत्र मिळालं त्याच दिवशी मी माळ्यावर गेलो होतो. चिडून गेलो होतो, की तुला पुराव्यानिशी खोटं पाडतो. १८७१ ची नकलवही काढली. मागच्या सूचीत माझ्याच अक्षरात: 'ट्रायफीना, पान ४१२.' पान उघडलं. ते जाड लागलं.

नक्कल कशी काढत ते तुला आठवत असेल. वहीचं पातळ पान ओल्या फडक्यानं दमट करायचं, त्यावर ताज्या शाईचं पत्र ठेवायचं, वर मेणकागद, वही मिटून लोखंडी दाबाखाली घालायची आणि चाक फिरवायचं. दोन मिनिटांत शाई पातळ पानात उतरते. मग पत्र सोडवून पाकिटात. पान फार ओलं झालं किंवा पत्र फार वेळ राहिलं तर दोन्ही चिकटतात, म्हणून नवख्याला पहिल्याच दिवशी हे बजावतात. बाबांनी मलाही बजावलं होतं.

ताई, ते पत्र तिथेच आहे. नक्कल नव्हे, पत्रच. बाबांच्या हातचं, पान ४१२ ला चिकटलेलं. अडतीस वर्षं.

९ मार्चची दुपार मला आता घडी घालून समोर ठेवल्यासारखी आठवते. मी पत्र दाबात घातलं, चाक आवळलं आणि तेवढ्यात नदीवरून आरडाओरडा आला, की बर्फ तडकला आणि ड्यूक घोडा जोतासकट खाली गेला. तू ड्यूकला साखर द्यायचीस. मी धावलो. पाण्यात गेलेल्या घोड्याच्या गळ्यातला दोर आवळून त्याचा श्वास कोंडतात, म्हणजे तो फुगून वर तरंगतो आणि ओढून काढता येतो. तो दोर मी धरला होता. ड्यूक वाचला. मी कमरेपर्यंत भिजून परतलो तेव्हा दिवे लागले होते. दाब सोडवला, वही फळीवर ठेवली, सूचीत नोंद केली. टेबलावरच्या दगडाखाली तुझं पत्र होतं. नक्कल झाली म्हणजे उत्तर गेलं, ही पेढीची रीत, म्हणून मी त्यावर 'उत्तर दिले' असं लिहिलं आणि ते खणात टाकलं. पाकीट रिकामं राहिलं असणार. त्याचं काय झालं मला आठवत नाही. आठवावं म्हणून दोन आठवडे डोकं धरून बसलो आहे.

घोडा वाचवला म्हणून बाबांनी त्या दिवशी माझी पाठ थोपटली होती. त्यांनी पुन्हा कधी लिहिलं नाही कारण खणात पत्रावर ओळ भरलेली होती, म्हणजे पाळी तुझी होती. ते त्या ओळीवर विसंबून राहिले. आणि ती ओळ माझी होती. तुझ्यावर मी अडतीस वर्षं रुसलो. स्टेशनवरून जाताना दर वेळी रुसलो.

काल मिस टिबेट्सनी किटलीच्या वाफेवर पान धरलं आणि सुरीच्या पाठीनं पत्र सोडवलं. फर्नाल्ड तिथेच होता. त्याला मी सांगितलं, की हा कागद जाणार नाही, मग करार मोडला तरी चालेल. त्यानं हातमोजे काढले आणि म्हणाला, की पत्र टपालात पडेपर्यंत ते ज्याला लिहिलं त्याचंही नसतं नि मंडळाचंही नसतं, तेव्हा आधी टपालात टाका.

टाकतो आहे. सोबत आहे ते.

क्षमा मागायला तोंड नाही. तरी मागतो.
लेम्युएल


गार्डिनर
गुरुवार, ९ मार्च १८७१

चि. ट्रायफीना हिस,
वडिलांचे आशीर्वाद.

तुझं २४ फेब्रुवारीचं पत्र २ तारखेला पोचलं. उत्तराला आठवडा लागला. माझी सवय नाही. तीनदा लिहून पाहिलं.

मुलीला घेऊन ये. तुझी खोली आहे तशीच आहे, शेगडी पेटवायला सांगतो. इथे डॉक्टर चांगला आहे आणि कोठारात जळण पुष्कळ. पाय बरा झाला की तुझ्या नवऱ्यानंही यावं. त्याच्या देवळाबद्दल मी विचारणार नाही, माझ्या देवळाबद्दल त्यानं बोलू नये. बर्फ कापायचा नांगर त्याच्याइतका सरळ ओढणारा माणूस मला पुन्हा मिळाला नाही, हे त्याला सांगितलंस तरी चालेल.

शनिवार, २५ तारखेला दुपारच्या गाडीला मी स्वतः स्टेशनवर असेन. गाडी चुकली तर संध्याकाळच्या. तेही जमलं नाही तर सोमवारी. त्यानंतरही आली नाहीस, तर तुला आमच्याकडून काही नको असं समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही.

तुझ्या आईचं नाव मुलीला ठेवलंस ते कळलं. बरं केलंस.

तुझे वडील,
आसा पुरिंग्टन


सँडस्की
१० मे १९०९

चि. लेम यास,
ताईचे आशीर्वाद. या वेळी सुरुवातीलाच देते, नंतर मला जमेल की नाही सांगता येत नाही.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ते वाचून मी शेगडीत टाकायला गेले होते. ग्रेटानं हात धरला. बाबांचं पत्र मात्र मी दोन दिवस उघडलं नाही. नुसतं पुढ्यात ठेवून बसले, आणि गंमत बघ, या दोन दिवसांत माझी सगळी धडपड थांबली. फडताळ पुसलं नाही, गोदीवर गेले नाही. आज सकाळी उघडलं.

तुला बरं वाटावं म्हणून मी काही लिहिणार नाही. लोइस वाचली असती का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. पण ती उबदार खोलीत गेली असती. हे मी तुला माफ केलं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. वीस वर्षांच्या पोरानं घोडा वाचवायला धाव घेतली, हेही खरं आहे, आणि मी तिथे असते तर ड्यूकसाठी मीच तुला ढकललं असतं. ही दोन्ही सत्यं एका घरात कशी ठेवायची ते मला अजून कळलेलं नाही. तोवर दोन्ही ठेवीन.

नांगराचं वाक्य मी मोठ्यानं वाचलं, कॉनच्या खुर्चीकडे तोंड करून. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. तो म्हणाला असता, की म्हाताऱ्यानं हे लिहायला तीन खर्डे केले, फुकट नाही.

मग मी पत्राच्या तीन घड्या केल्या आणि पाठीवर लिहिलं: 'बाबा. मिळाले ७ मे १९०९.' दुसरी ओळ कोरी आहे. उत्तर दिल्याशिवाय ती भरायची नाही, आणि उत्तर टपालानं द्यायची मला आता भीती वाटते. तेव्हा मी स्वतः येते. शनिवारी, १५ तारखेला दुपारच्या गाडीनं पोचेन. तू स्टेशनवर उभा राहा. गाडी उशिरा आली तरी उभा राहा, माझ्या गुडघ्यांना फलाटावर उतरायला वेळ लागतो. ती लहान वीट घरात असेल तर बग्गीत ठेव. तापवायला नको, मे महिना आहे.

सोमवारी तुझ्या त्या हातमोजेवाल्याची गाडी येईल. माझं लाचारीचं पत्र आणि बाबांचं उत्तर एका दोऱ्यानं बांधून मी स्वतः त्याच्या हातात देणार आहे. वाचू दे लोकांना. दोन्ही एकत्र वाचावीत, एवढीच अट. तू मोडायला निघालास तो करार मोडायची गरज नाही.

टिबेट्सबाईंना सांग, घेवड्यात काकवी मी घालीन.

भेटीपर्यंत पुरेल इतकी माया धाडते, बाकीची सोबत आणते.
तुझी ताई,
ट्रायफीना


(पत्राच्या पाठीवर, उजवीकडे कललेल्या अक्षरात:)

ताई, सँडस्की.
मिळाले १४ मे १९०९.
उत्तर दिले १५ मे, स्टेशनवर, तोंडी. गाडी पन्नास मिनिटे उशिरा.